मगाचं झबलं

मला कॅन्सर आहे हे आमच्या वसाहतीत सगळ्यांत शेवटी मला कळलं.

आधी आमच्या ह्यांना कळलं. मग कारखान्यात ह्यांच्या शॉपमधल्या लोकांना, कारण रजा मागताना कारण सांगावं लागतं. मग शेजारच्या कुंदाला, समोरच्या सक्सेना भाभींना आणि भाभींना कळलं म्हणजे अख्ख्या लेडीज क्लबला. दूधवाल्यालाही ठाऊक असणार. माप ओतून झाल्यावर त्या दिवसांत तो वर आणखी एक धार सोडायचा. मला वाटायचं, चला, माणूस सुधारला!

मी आता ठणठणीत आहे. वजन वाढलंय, गुडघे कुरकुरतात, तेव्हा हे वाचताना माझी काळजी करू नका. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यातूनही त्या घरातल्या शहाण्या माणसांसाठी, जी दार लोटून हळू आवाजात बोलत असतात.

काळे साहब की मिसेस

लग्न झालं आणि नाशिकहून थेट भोपाळला आले, कारखान्याच्या वसाहतीत. क्वार्टर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, क्लब कारखान्याचा, हॉस्पिटलही कारखान्याचं. सकाळी भोंगा वाजला की सगळ्या गल्लीतल्या सायकली आणि स्कूटरी एकदम बाहेर पडायच्या आणि आम्हा बायकांचं राज्य सुरू व्हायचं.

हॉस्पिटलात मात्र आम्हाला नाव नव्हतं. ओपीडीच्या दारात वॉर्डबॉय ओरडायचा, "काळे साहब की मिसेस!" आणि मी उठून आत जायची. आत गेल्यावर डॉक्टर मला विचारायचे "क्या तकलीफ है" आणि उत्तर ऐकून काय करायचं ते ह्यांना सांगायचे. हे नसतील तर म्हणायचे, "साहब को भेज दीजिएगा." त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नोकरी ह्यांची, सवलत ह्यांची, आम्ही घरच्या माणसांनी त्यात बसायचं. औषध माझ्या पोटात जायचं, एवढाच माझा संबंध.

पाळी जायच्या सुमाराला मला अंगावरून फार जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाकू. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या पिशव्या काढून झाल्या होत्या. दाढ काढावी तसं बोलायच्या सगळ्या. मीही गेले. वॉर्डात कुंदा डबा आणायची, मंजू, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा बारावीत होती, ती शाळा सुटली की येऊन वेणी घालून द्यायची. ऑपरेशन नीट झालं. काढलेला भाग तपासायला पाठवतात, तसा पाठवला. मी घरी आले.

पुढे एके दिवशी डॉक्टरांनी ह्यांना बोलावून घेतलं. मला चालताना टाके ओढत होते, म्हणून मी घरीच थांबले. दुपारी हे आले ते हातात जिलेबीचा पुडा घेऊन.

"रिपोर्ट चांगला आला," म्हणाले. "थोडा शेक घ्यावा लागेल म्हणे, आतली जखम नीट सुकायला. ते मशीन आपल्याकडे नाही, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. जखम भरली की जाऊ."

मी जिलेबी खाल्ली. गरम होती, मस्त कुरकुरीत. आणखी मागून घेतली. हे समोर बसून बघत होते. "तुम्ही पण घ्या ना," म्हटलं तर म्हणाले, "माझं तोंड आलंय."

माझं निदान झालं तो दिवस हा असा गेला. लोक सांगतात की पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी जिलेबी खात होते! ह्या गोष्टीचा मला आजही इतका राग येतो की जिलेबी समोर आली तरी मी ताट सरकवते.

उन्हातल्या बायका

भोपाळची थंडी तशी कडाक्याची नाही, पण घरात गारठा फार. त्यामुळे साडेदहा-अकराला स्वयंपाक उरकून आम्ही सगळ्या समोरच्या लॉनवर सतरंज्या टाकून बसायचो. हातात विणकाम, तोंडाने गप्पा. लोकर टी. टी. नगरच्या बाजारातून यायची. कुणाचं काय चाललंय ते सुयांवर बघून कळायचं. भाभींच्या सुईवर कायम शाळेचा मरून रंग, कुंदाच्या सुईवर तिच्या नवऱ्याचा राखाडी. त्याला दुसरा रंग चालायचाच नाही.

मला तेव्हा वाकायला, उचलायला बंदी होती. मी खुर्चीवर उशी घेऊन बसायची. हात रिकामे, त्यामुळे जीव नुसता वैतागलेला. मी कुंदाला म्हटलं, "मंजू पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाईल. तिच्यासाठी एक पूर्ण बाह्यांचं, कॉलरचं, पिळाच्या केबल डिझाइनचं काढते. तू बाजारात गेलीस की लोकर आण."

"अगं, एवढं मोठं कशाला आत्ता?" कुंदा म्हणाली. "ताण येतो पोटावर. काहीतरी छोटं कर."

"छोटं म्हणजे काय, बाहुलीचा मोजा?"

दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर उरलेली लोकर घेऊन आली. घराघरातून गोळा केलेली. मरून, बाटलीचा हिरवा, पोपटी, कुणाच्या बाळाच्या टोपीची लिंबू, आणि राखाडी तर भरपूर. म्हणाली, "शालू, मगाला झबलं कर. तुला घोट घोट चहा प्यायची सवय, नेहमी गार होतो. मी परवा एका मासिकात बघितलं, मगाला लोकरीचं घालतात."

मला इतकं हसू आलं! मगाला झबलं! पण कल्पना आवडली. आणि खरं सांगते, तिने माझ्या चहाचा एवढा विचार केला म्हणून मी विरघळले. एकवीस वर्षांची मैत्री आमची. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी होते, माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत ती होती.

झबल्याचं काम तसं सोपं. मगाच्या उंचीएवढे टाके घालायचे आणि सुलट-उलट विणत लांब पट्टी करायची, मगाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं कानापाशी येतील एवढी. खाली दोन टाके मारून जोडायचं, वर बटण, मधे कान बाहेर. पहिलं केलं ते सैल झालं. मग उचलला की झबलं घसरून बशीत. सगळ्या हसल्या. भाभी म्हणाल्या, "बच्चे की चड्डी जैसा उतर गया!" मी उसवलं आणि पट्टी आखूड धरून पुन्हा विणलं. दोन ओळी मरून, दोन पोपटी, मधे राखाडी. ते आठवडे माझे फार मजेत गेले. मला सगळ्या जपत होत्या. कुणी गाजराचा हलवा आणायचं, कुणी माझे कपडे वाळत घालायचं. मी मनात म्हणायची, काय पुण्य केलं होतं म्हणून असा शेजार मिळाला.

मी शेकाबद्दलही सांगायची त्यांना. "अगं, फक्त जखम सुकायला आहे. लाइट लावतात म्हणे." सगळ्या माना डोलवायच्या. "हो हो, होऊन जाईल पटकन." त्या माना आठवल्या की आजही कानशिलं तापतात माझी.

भाभींच्या तोंडून

झबलं संपलं. बटण लावलं, मगावर चढवलं, सगळ्यांना फिरवून दाखवलं. मग मी भाभींना म्हटलं, कारण त्या दुपारी त्या बाजारात निघाल्या होत्या, "भाभी, मंजूच्या स्वेटरसाठी लोकर आणाल? गडद निळी, घरात आहे त्याच जाडीची."

भाभी म्हणाल्या, "अभी रहने दो ना, शालिनी. इतना बड़ा काम... फिर कौन पूरा करेगा?"

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर कळणार नाही. आमच्या बायकांत एक रीत होती. कुणी गेली आणि तिच्या सुईवर अर्धवट विणकाम राहिलं, तर ते दुसरी कुणी पुरं करायची नाही. घरातही ठेवायचं नाही. सगळ्यांनी बसून उसवायचं, लोकरीचे गुंडे करायचे आणि वाटून टाकायचे. मागच्याच वर्षी वरच्या गल्लीतल्या एका बाईचं आम्ही उसवलं होतं. पाठीचा भाग झाला होता, पुढचा अर्धा. घरी आल्यावर मला जेवण गेलं नव्हतं. तेव्हापासून कुणी आजारी बाई मोठं काम काढायला लागली की आम्ही काहीतरी निमित्त काढून ते काम टाळायचो. मीही टाळलंय. म्हणून "कौन पूरा करेगा" ह्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मैं करूंगी," मी म्हटलं. "और कौन?"

भाभींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी जीभ चावली. मी कुंदाकडे बघितलं. कुंदा खाली मान घालून टाके मोजत होती. कुंदाला टाके मोजावे लागत नाहीत, ती सिनेमा बघत विणते.

"कुंदे, वर बघ."

तिने बघितलं नाही.

"कुंदे, काय झालंय मला?"

सतरंजीवरच्या सगळ्यांच्या सुया थांबल्या. कुणाचं तरी पोर रडत होतं तेवढंच. मग कुंदा रडायला लागली आणि रडता रडता तो शब्द बोलली. एवढ्या लोकांत, भर उन्हात, माझ्या मांडीवर तो मूर्ख मग.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"रिपोर्ट आला त्या दिवसापासून. भावजींनी शपथ घातली होती गं."

"कुणाची?"

"तुझीच."

म्हणजे बघा! तिने मला सांगितलं तर मी मरणार होते. न सांगता मेले असते ते वेगळं.

"शालू," ती म्हणाली, "तू किती हसत होतीस ह्या दिवसांत. मला वाटलं, एवढे तरी दिवस मिळू देत तुला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी हसत होतेच. पण ज्याच्यावर हसत होते ते सगळं ह्या सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी मांडलेलं नाटक होतं आणि मी एकटीच त्यात प्रेक्षक होते. हलवा, वाळत घातलेले कपडे, झबलं, सगळं. मी मग उचलला, घरात गेले आणि कडी लावली.

भोंगा वाजल्यावर

संध्याकाळी हे आले. त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं असणार, कारण स्कूटर लावायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. आत येऊन उभे राहिले, चपला काढल्या नाहीत.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेजारी भिंतीला भिंत होती, त्यांनी ऐकलंच असेल. "अहो, शरीर कुणाचं आहे? तुमचं की माझं?" हे मात्र आठवतं. "तू खचली असतीस," हे म्हणाले. "आधीच अशक्त होतीस." मी म्हटलं, "खचले असते तर खचले असते! आपल्या पायांनी खचले असते. तुम्ही मला जिलेबी चारलीत!"

"काय आणू ते सुचेना मला," हे म्हणाले. "रिकाम्या हाताने आलो असतो तर तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस."

त्यांचा आवाज फाटला तेव्हा मला क्षणभर कळवळून आलं. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात वीज चमकली आणि मी विचारलं, "मंजूला?"

हे माझ्या मागे बघायला लागले.

मंजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सतरा वर्षांची पोर. इतके दिवस ती माझी वेणी घालत होती, शाळेतल्या गमती सांगत होती, आणि तिला माहीत होतं. मी नवऱ्यावर ओरडू शकत होते, मैत्रिणीशी भांडू शकत होते. पोरीला काय बोलणार? ती म्हणाली, "आई, बाबांनी सांगितलं होतं, तुझ्यासमोर रडायचं नाही." म्हणून ती शाळेच्या बाथरूममध्ये रडून यायची. माझ्या लेकीचं रडणंसुद्धा त्यांनी माझ्यापासून चोरलं होतं. तिला पोटाशी धरून मी बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी रडले. खरं तर मला आजाराची भीती तेव्हा वाटायला लागली, तोपर्यंत रागाने जागाच नव्हती. मी मरेन का, हा प्रश्न मी मनात पहिल्यांदा तिच्या केसांवर हनुवटी टेकून विचारला.

शेक

शेकायला, म्हणजे रेडिएशनला, जायचो ते हॉस्पिटल शहरात होतं. लांबलचक बाकं, भिंतीला टेकून बसलेली माणसं, औषधाचा आणि ओल्या फडक्याचा वास. मशीनखाली काही दुखत नाही, नुसतं पडून राहायचं असतं. पण खोलीतून सगळे बाहेर जातात आणि जाड दार लागतं. मी मनात पाढे म्हणायची, एकोणतीसच्या पाढ्यात कायम अडकायची. पुढे पुढे जुलाब, मळमळ, आणि असा थकवा की तोंड धुऊन आलं तरी दमायला व्हायचं. ज्यांचं सुरू होणार आहे त्यांना सांगते, हे होतं आणि हळूहळू जातं. सुती, सैल कपडे घाला. आणि कुणी "कशी आहेस" विचारलं तर खरं सांगा, "बरी आहे" म्हणायचं कंत्राट घेऊ नका.

झबलं मी फेकून देणार होते. कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेलंही होतं. पण मळमळीने चहा घोट घोटच जायचा आणि गार चहाने आणखी उमळून यायचं. चहाने माझं काय वाईट केलं होतं? घातलं परत मगाला.

तिथला मशीनवाला मुलगा मला "शालिनी जी" म्हणायचा. यादीत माझं नाव होतं म्हणून, बाकी काही नाही. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओ दिलीच नाही, दुसरी कुणी असेल म्हणून बसून राहिले.

बाकावर एक म्हातारी शेजारी बसायची, नेहरू नगरकडची. तिच्याबरोबर तिचा चांगला चाळिशीचा मुलगा. एकदा तिने मला विचारलं, "बहन जी, ये काहे की सिकाई करते हैं? मेरा लड़का बोलता है गैस की तकलीफ है." तिच्या पाठीमागून मुलगा माझ्याकडे बघून हात जोडत होता.

काय करायचं सांगा! सांगितलं असतं तर मी तिच्या लेकाचं तोंड फोडल्यासारखं झालं असतं. नाही सांगितलं तर मीही कुंदाच. शेवटी मी तिला म्हटलं, "अम्मा, आपके लड़के को सब पता है. उसी से पूछो, अभी पूछो. मैं यहीं बैठी हूं."

ती वळून त्याच्याकडे बघायला लागली. तो उठून पाणी आणायला गेला आणि तिचा नंबर येईपर्यंत आलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला लांबच्या बाकावर बसवायला सुरुवात केली. मी वाईट केलं की चांगलं, मला माहीत नाही.

घरातल्या शहाण्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. आधी तिला विचारा. "रिपोर्ट आलाय, तुला ऐकायचाय का?" नको म्हणाली तर नका सांगू, कुणाकुणाला नकोच असतं, तोही तिचा हक्क. पण विचारल्याशिवाय तिच्या वतीने ठरवू नका. प्रेम आहे, मान्य. प्रेम आहे म्हणूनच जास्त लागतं.

कुंदाशी मी बोलते. अजूनही उन्हात बसतो, भाजी वाटून घेतो, तिच्या मुलीच्या लग्नात मी रुखवत मांडलं. फक्त मनातलं काही तिला सांगत नाही. तिला ते कळतं, आणि ती विचारत नाही.

तपासणी

शेक संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तपासण्या झाल्या. कारखान्याच्या हॉस्पिटलात तेच डॉक्टर, तीच केबिन. ह्या वेळी मी घरी थांबले नव्हते, समोरच्या खुर्चीत बसले होते. डॉक्टरांनी कागद चाळले, हसले, आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "काळे साहब, बधाई हो. सब साफ है."

चांगली बातमीसुद्धा ह्यांनाच!

मी म्हटलं, "डॉक्टर साहब, मरीज मैं हूं. इधर देखकर बोलिए."

ते गोंधळले. ह्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, काय दिसलं, काय दिसलं नाही, पुढे कधी यायचं. मी मधे मधे प्रश्न विचारले. त्यांनी उत्तरं दिली. फार वेळ लागला नाही हो त्याला.

बाहेर आलो. स्कूटरपाशी हे थांबले. किल्ली हातात, पण लावेनात.

"शालू, एक सांगू का?"

"सांगा."

"मी बराच विचार केला. पुन्हा तसा रिपोर्ट आला ना, तर मी पुन्हा तेच करीन. मला नाही जमणार तुला सांगायला."

वर्षभरात हे माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मला कळलं की हा माणूस माझ्यावर जीव टाकतो, टाकत राहील, आणि मला आता जन्मभर प्रत्येक रिपोर्ट स्वतः जाऊन आणावा लागेल.

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी स्कूटर चालू केली. मी मागे बसले. नाशिकहून आल्यापासून मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसत आले होते. त्या दिवशी मी मागची स्टेपनी धरली.